काळ्या कॅमेऱ्याला घातलेल्या शिव्या

भाचीचा फोन आला तेव्हा मी शिरपूरच्या बाजारात एका बैलाच्या शेपटाजवळ उभा होतो. बैलांची दलाली हा माझा धंदा. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तरांची म्हैस आमच्या गोठ्यात बांधलेली होती म्हणून. मास्तरांनी म्हैस विकली आणि माझं शिक्षण थांबलं. आता बसवरची पाटी वाचतो, पण वाचून होईस्तोवर बस निघून गेलेली असते.

"मामा, तुम्हाला कॅमेऱ्यातलं काही कळतं का?" भाचीनं विचारलं.

खरं उत्तर होतं, नाही. पण आजूबाजूला चार शेतकरी उभे. दलालानं चारचौघात 'नाही कळत' म्हटलं तर उद्या त्याला कोणी चहा पाजत नाही.

"सगळं कळतं," मी म्हटलं. "का?"

भाची जळगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. घर यावलकडे, दाजींची केळी. पोरीनं पगारातून बाजूला टाकत टाकत पैसे जमवले होते आणि तिला घ्यायचा होता जुना, रोलचा, खिशात मावणारा कॅमेरा. बहीण म्हणे कानातलं घे. दाजी म्हणे मोबाईल आहे ना, त्यात काय कमी आहे? भाची म्हणे, "मोबाईलवर दोनशे फोटो काढते आणि एक पण धड बघत नाही. रोलमध्ये छत्तीसच. तिथे आधी बघावं लागतं, मग काढावं लागतं." तिला केळीची कापणी काढायची होती. पहाटे बाया डोक्यावर घड घेऊन बांधावरून येतात, ती रांग.

शेवटी दाजींनी तोड काढली. म्हणाले, घ्यायचाच तर मामाला घेऊन जा, त्याला कोणी फसवत नाही. आणि फसलीस तर मग ह्या घरात पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही. दाजींना माझा पूर्ण इतिहास माहीत नाही. मी एकदा गाभण म्हणून गाय घेतली होती, ती नुसतीच जाड निघाली. अजून जाडच आहे.

तर असं सगळं माझ्या मानेवर आलं. धुळ्यात एक जुना स्टुडिओवाला आपल्याकडचे कॅमेरे काढतोय, असं तिला कळलं होतं. ती जळगावहून बसनं येणार, मी शिरपूरहून. आदल्या दिवशी तिनं मला फोनवर शिकवलं. म्हणाली, काचेत आत बुरशी नको. सेलची जागा गंजलेली नको. बटन दाबलं की पडदा टक्‌ करून उघडून मिटला पाहिजे. रोल ओढायची मोटर फिरली पाहिजे. आणि आतली वायरिंग गेली तर विषय संपला, आपल्याकडे कोणी दुरुस्त करत नाही.

मी ऐकून घेतलं आणि मनात माझ्या हिशोबानं लावून टाकलं. काच म्हणजे डोळा. सेलची जागा म्हणजे खूर, तिथेच सड लागते. मोटर म्हणजे चाल. अन् वायरिंग म्हणजे बैलाचं मन, ते बिघडलं तर ब्रह्मदेव आला तरी औताला जुंपता येत नाही. मला एकदम हुशार झाल्यासारखं वाटलं. रात्री बायकोला पण समजावून सांगितलं. ती झोपली होती, पण मी पूर्ण सांगितलं.

धुळ्याचं ते दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज, मागे जुना स्टुडिओ. मागच्या भिंतीवर रंगवलेल्या धबधब्याचा पडदा अजून टांगलेला, आणि धबधब्यासमोर कागदांचे गठ्ठे. मालक साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. सगळे त्यांना आबा म्हणत होते म्हणून आम्हीही आबा म्हटलं. त्यांनी काचेच्या कपाटातून दोन कॅमेरे काढून टेबलावर ठेवले. "चालू असलेले हे दोनच," ते म्हणाले. "बाकी शोभेचे."

एक चंदेरी. बटन दाबलं की त्याची काच सोंडेसारखी बाहेर यायची, अन् आवाज असा की एस्टी घाट चढतेय. दुसरा काळा, साधा, सोंड नाही काही नाही. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. किंमत दोघांची सारखीच सांगितली.

मी आधी चंदेरी उचलला आणि दारात उन्हाकडे धरला. भाचीच्या सांगण्याप्रमाणे मागचं दार उघडून, बटन दाबून, आरपार बघितलं. आणि मला दिसलं. काचेच्या आत, कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बैलाच्या डोळ्यात फूल पडतं ना, तसं. असा बैल बाजारात मालक कायम एका बाजूनंच उभा करतो. मग काळा बघितला. त्याचा डोळा वासराच्या डोळ्यासारखा. सेलची जागा घासून ठेवल्यासारखी. बटन दाबलं, बारीक टक्‌. मोटर फिरली ती पण दबक्या आवाजात, भांडकुदळ नाही. माझी खात्री पटली. घ्यायचा तर काळाच.

म्हणजे बघा, जे मला येत नव्हतं ते मी बरोबर केलं. घोटाळा केला तो जे मला येतं त्याच्यात.

बाजाराचा पहिला धडा असा, की जे जनावर घ्यायचं त्याला कधी चांगलं म्हणायचं नाही. उलट त्याला शिव्या घालायच्या, आणि नको असलेल्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. मालकाला वाटतं गिऱ्हाईक तिकडे अडकलंय, इकडचा भाव आपोआप खाली येतो. अख्खी हयात मी हेच केलं. आता तोंड माझं विचारत पण नाही, आपलं आपण चालतं.

मी काळ्याला एका बोटानं बाजूला सारलं. "हे काय आबा? हे ठेवलं तरी कशाला? रंग उडालेला, तोंड मेलेलं, अंगात जीव नाही. हे तर कोणी पोरानं गटारीतून काढल्यासारखं दिसतं."

आबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला फक्त.

मग मी चंदेरी दोन्ही हातांत घेतला. "ह्याला म्हणावं कॅमेरा! काय रूप, काय आवाज! सोंड बघा, साक्षात गणपती!" भाची माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा जरा गोंधळलेला, म्हणून मी तिचं कोपर हळूच दाबलं. बाजारात कोपर दाबलं की त्याचा अर्थ असतो, गप उभी राहा, मी बघतो. यावलच्या केळीत वाढलेल्या पोरीला हे कोण शिकवणार? मी शिकवायला पाहिजे होतं. मी रात्री झोपलेल्या बायकोला शिकवत बसलो.

आणि मग दुसरा धडा. सौदा रंगात आला की उठून चालू लागायचं. मालक मागून हाक मारतो. "बघा बुवा," मी म्हटलं, "मी जरा चहा घेऊन येतो." अन् समोरच्या टपरीवर जाऊन पाठ करून उभा राहिलो. पाठ करायची असते. तोंड केलं की मालकाला कळतं तुम्ही वाट बघताय.

एक चहा झाला. हाक नाही. मला वाटलं, म्हातारा पक्का आहे. दुसरा सांगितला. तो पण संपत आला. मी मनात आबांचं कौतुक करायला लागलो होतो, की मागून खांद्यावर थाप पडली.

"मामा, झालं!" भाची. चेहरा असा फुललेला. हातात चंदेरी. "स्कॅन करून पैसे दिले. तुम्ही कोपर दाबलं ना, मी समजले. म्हटलं हातचा जायला नको."

चहा माझ्या नाकातून आला. खोटं सांगत नाही, टपरीवाल्यानं फडकं दिलं.

"अगं, हा नको! काळा! काळा घ्यायचा होता!"

"तुम्हीच म्हणाले काळा गटारीतला आहे."

"म्हणूनच तर!"

मग मी तिला सगळं सांगितलं. चंदेरीच्या डोळ्यातलं फूल दाखवलं, बाजाराची रीत सांगितली, शिव्या कोणाला आणि मिठी कोणाला ते सांगितलं. तिनं कॅमेरा उन्हाकडे धरला, धागे बघितले, आणि खाली घेतला. चेहऱ्यावरचं सगळं फुलणं गेलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी फसले," ती म्हणाली. "आणि तुमच्यामुळे. आता बाबा..."

"थांब," मी म्हटलं. "बदलून आणू."

"मामा, एक विचारू? मी व्हॉट्सअपवर फोटो पाठवते, तुम्ही म्हणता लई भारी, एक नंबर. ते पण असंच असतं का?"

मी तरातरा रस्ता ओलांडला, ती चंदेरी घेऊन मागोमाग.

दुकानात आता झेरॉक्सला गर्दी होती. आबा मशीनवर कागद टाकत होते. मला बघून त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"आबा, जरा चूक झाली. पोरीला काळा पाहिजे."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "तुम्ही काळ्याला पहिली शिवी घातली तेव्हाच कळलं. माझा बाप पण बैल घ्यायचा भाऊ."

"मग तुम्ही तिला चंदेरी का दिला?"

"तिनं मागितला. सोबत पारखी होता. मी कोण बोलणारा?"

लाईनीतली दोन माणसं हसली. मी पण हसलो, दुसरं करणार काय.

"द्या ना बदलून," मी म्हटलं.

आबांनी मशीन थांबवलं. आणि इतका वेळ पुस्तकी बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. "बठ्ठं ऐकी लिधं मी. गटार काय, मेलेलं तोंड काय. भाऊ, तो माल नही शे, तो मना शे, माझा स्वतःचा. दुकानाचे कॅमेरे मोठे होते, ते लग्नांना जायचे. हा माझ्या खिशात असायचा. माझी पोरं ह्याच्यात मोठी झाली. विकायला काढला म्हणून कोणीही यावं न्‌ शिव्या घालाव्या?"

मला खाली बघावं लागलं. बाजारात बैल बिचारा ऐकून घेतो, आणि मालकाला पण रीत माहीत असते, म्हणून तो मनाला लावून घेत नाही. मला वाटत होतं कोणीच लावून घेत नसेल.

"बदलून देतो," आबा म्हणाले. "पण एका अटीवर. इथे, ह्या सगळ्यांसमोर, तुम्हाला काळ्यात काय दिसलं ते सांगा. सरळ."

ऐकायला सोपं वाटतं. पण विकत घेण्याआधी मालाला चांगलं म्हणायचं, हे माझ्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. भाची बघतेय, आबा बघताहेत, झेरॉक्सची लाईन बघतेय.

"डोळा," मी म्हटलं. "डोळा साफ आहे त्याचा."

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

"डोळा वासरासारखा! आत एक कण नाही. सेलच्या जागेला गंजाचा डाग नाही, म्हणजे मालकानं पोटच्या पोरासारखा सांभाळलाय. बटनाला बोट लागलं की टक्‌, कुरकुर नाही. रंग उडालाय तो हातात राहून उडालाय, आपटून नाही, कुठे पोचा आहे का बघा!"

एकदा सुरू झालो आणि मग माझं मलाच आवरेना. कारण विकताना स्तुती करायची ती पण माझीच जीभ, तिला वाटलं आज आपण मालकाच्या बाजूनं आहोत. मी काळा हातात घेतला, लाईनीसमोरून फिरवला, दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. "असा नग सगळ्या खान्देशात मिळणार नाही," मी म्हटलं. सगळ्या खान्देशात काय आहे ते मला कुठे माहीत?

लाईनीत पांढऱ्या टोपीचे एक नाना होते, हातात सातबाऱ्याचे कागद. ते पुढे आले. "तो काळा दखाडा बरं माले. नातूले व्हई." आणि आबांकडे वळून म्हणाले, "कितला? ही पोर देस त्याना वर देस मी."

आता बघा माझी अक्कल. आधी शिव्या घालून माल घालवला, आता स्तुती करून घालवत होतो. आबांचे डोळे चष्म्यामागे चमकले. धंदेवाला माणूस तो, त्यांनी नानांना बसायला स्टूल दिलं. मी भाचीकडे बघितलं. मला वाटलं आता ही मला इथेच सोडून बसस्टँड गाठते.

ती पुढे आली. माझ्या हातातून कॅमेरा घेतला, मागचं दार उघडलं आणि दाराच्या कडेच्या खाचेतून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं, डांबर लागल्यासारखं. ते तिनं नानांना दाखवलं.

"नाना, हे बघा. इथे स्पंज असतो, तो विरघळलाय. इथून उजेड आत जातो आणि फोटोवर पट्टा येतो. तो बदलावा लागेल. आणि ह्याला रोल लागतो. रोल इथे मिळत नाही, मागवावा लागतो. काढल्यावर धुवायला बाहेरगावी पाठवावा लागतो. छत्तीस काढले की संपला."

"अन् फोटू?" नाना म्हणाले.

"महिन्याभरानं दिसतील. नीट आले असले तर."

"तवलोंग दिसावच नही? मंग काय कामना!" नाना परत लाईनीत गेले. जाता जाता माझ्याकडे असं बघून गेले की ह्या माणसाकडून कोंबडीसुद्धा घेऊ नये.

मी त्या दाराकडे आधी दोनदा बघितलं होतं. खाच मला दिसलीच नव्हती. डोळा, खूर, चाल, सगळं बघितलं आणि दावं बांधायची वेसण तुटकी ते राहिलंच.

भाची आबांकडे वळली. "आबा, मला हा पाहिजे. स्पंज खराब आहे हे माहीत आहे, मी बदलून घेईन. मला खूप आवडलाय. आल्यापासून ह्याच्याकडेच बघत होते, पण मामा म्हणाले म्हणून..."

असं सरळ! भाव पाडायचा प्रयत्न नाही, काही नाही. मालकाला सांगायचं की आवडलंय? आता हा म्हातारा दुप्पट सांगणार.

आबांनी ड्रॉवर उघडून चामड्याची काळी पिशवी काढली, कॅमेरा पुसून तिच्यात घातला आणि तिच्या हातात दिला. चंदेरी उचलून कपाटात ठेवला. "पिशवीचे नको," म्हणाले. आणि मला म्हणाले, "भाऊ, तुम्हाला पण काही झेरॉक्स काढायची आहे का?"

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ह्या वेळी ती जागी होती. हसत हसत ऐकत होती, मध्येच थांबली. "मले बघाले येल व्हतात तवय तुम्ही म्हनात, पोरगी काळी शे, नि जरा ठेंगनी शे. आठवस का?"

आठवत होतं. आम्ही पाच जण पोहे खात होतो आणि मी ते मोठ्यानं बोललो होतो.

"म्हंजे तवय मी तुम्हले आवडनी व्हती?"

"लई," मी म्हटलं.

ती उठली, आत गेली, भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. मग आतून म्हणाली, "इतली वरीसं! अन् मी काय बैल व्हती का?" पण भाकरीवर तूप होतं त्या रात्री.

भाचीनं दाराच्या खाचेत काळी लोकर बसवली, कोणाला तरी विचारून. यावलला कापणी सुरू होती, पहाटे उठून शेतात गेली, एक रोल काढला आणि धुवायला पाठवून दिला. मग रोजची वाट. मला तर धास्तीच. लोकरीतून उजेड गेला असेल तर? वायरिंग आतून मेलेली असेल तर? दाजी फोनवर म्हणायचे, "काय मामा, तुमचा बैल पेंड खातो का?" मी म्हणायचो, खातो, खातो. मनात म्हणायचो, शेण टाकलं म्हणजे मिळवलं.

फोटो आले तेव्हा ती थेट शिरपूरला घेऊन आली. घरी दाखवलेच नव्हते अजून. ओट्यावर बसून पाकीट माझ्या हातात दिलं. "मामा, सरळ सांगायचं. एक नंबर म्हणायचं नाही."

मी घाम पुसला. बैलाला सरळ बोललो नाही, बायकोला बोललो नाही, आता ह्या पोरीला बोलायचं. एकेक फोटो उचलला. "हा हललाय," म्हटलं. ती म्हणाली, "हो." दुसरा. "ह्यात नुसती पानंच आहेत, माणूस कुठे आहे?" ती म्हणाली, "तिथेच चुकले." एकाच्या कडेला लाल पट्टा होता, लोकर सरकली असणार. तो बाजूला ठेवला. असं करत करत बाजूचा ढीग मोठा होत गेला, आणि मला वाटलं, आता ही म्हणते, मामा, पुरे.

मग एक आला. बांधावरून बाया येताहेत, डोक्यावर घड, मागे सातपुडा निळा. सगळ्यात पुढची बाई मागे वळून काहीतरी ओरडतेय, घड मात्र तिच्या डोक्यावर तसूभर हललेला नाही. तिच्या तोंडातून वाफ निघताना दिसत होती. थंडी माझ्या मांडीपर्यंत आली.

भाचीनं खाली वाकून माझा चेहरा बघितला.

"चांगला आहे का?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "ह्याच्यासारखे अजून चार निघाले पाहिजेत. कॅमेरा बरोबर आहे, आता तू पहाटे लवकर उठ."

तिनं पिशवीतून कॅमेरा काढला, खिशातून दुसऱ्या रोलची डबी काढली, आणि दार उघडलं. "बाबांना हे दाखवून आल्यावर भर," मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही, आत्ताच भरते," आणि भरायला लागली.